पावती

वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बेंगळुरूला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात वीजबिलाच्या खिडकीवर माझा गोंधळ उडाला होता. पलीकडचा माणूस ‘पावति माडि, पावति माडि’ म्हणत होता आणि मी पावती घ्यायला हात पुढे करून उभी होते. तो पैसे मागत होता. मागचे लोक हसले, मीही हसले. घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : पावति (कन्नड) म्हणजे पैसे चुकते करणं. पावती (मराठी) म्हणजे ते चुकते केल्याचा कागद.

ती वही पुढे वाढत गेली. कूलि म्हणजे मजुरी, आपला कुली नव्हे. दूरु म्हणजे तक्रार, आणि तकरारु म्हणजे आक्षेप किंवा वाद. दोन भाषांनी हजार वर्षं एकमेकींकडून शब्द उसने नेले, पण परत करताना अर्थ बदलून दिले. तौलनिक साहित्यात एम. ए. केलेल्या बाईला अशी वही म्हणजे मेजवानीच. मी कन्नड कथा मराठीत आणते. त्यावर घर चालत नाही, म्हणून संस्थांच्या माहितीपुस्तिका, अहवाल, प्रशिक्षणाचं साहित्य असंही काही करते. त्या दुसऱ्या कामाबद्दल कथालेखकांसमोर मी फारशी बोलत नसे.

करोनाच्या आदल्या वर्षी एका छोट्या संस्थेनं मला एक पुस्तिका दिली. ग्रामपंचायतीतल्या कामांचं आणि खर्चाचं ‘सामाजिक परिशोधने’ गावकऱ्यांनी कसं करायचं, याची ती कन्नड पुस्तिका होती. खानापूर तालुक्यातल्या मराठी गावांसाठी ती मराठीत हवी होती. महाराष्ट्रातला सरकारी शब्द ‘सामाजिक अंकेक्षण’. हा शब्द मी चार जणांना म्हणून दाखवला. दोघांना तो शाळेतला गणिताचा धडा वाटला, एकाला ज्योतिष. शेवटी मी मुखपृष्ठावर अंकेक्षण ठेवलं आणि आत सगळीकडे ‘गावानं घेतलेला हिशेब’ असं लिहिलं. तो निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

जमाबंदीनं मात्र बराच छळ केला. महाराष्ट्रात जमाबंदी म्हटलं की शेतसारा, सातबारा, पुण्याचं जमाबंदी आयुक्तालय. कर्नाटकात ग्रामपंचायतीची जमाबंदी म्हणजे वर्षाचा जमाखर्च आणि झालेली कामं लोकांसमोर तपासणं. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, पावसाचा जोर ओसरताना ती होते. शब्द तोच, पण एकात सरकार लोकांकडून घेतं त्याची नोंद आणि दुसऱ्यात सरकारनं लोकांसाठी काय केलं त्याची तपासणी. या एका शब्दाला मी पाऊण पानाची टीप लिहिली. संस्थेच्या समन्वयकानं ती दोन ओळींची केली आणि म्हणाला, “मॅडम, हे वाचणारे लोक दिवसभर चर खणून आलेले असतात.”

त्यानंच विचारलं, “एकदा येऊन बघता का? आमच्याकडे घरोघर जाऊन लिहिणाऱ्यांत मराठी लिहिता-वाचता येणारे कमी पडतात.” मी गेले. मनात थोडी ऐट होती, हेही लिहायला हवं. दोन्ही भाषा येणारी तिथे मीच एकटी असणार अशी समजूत होती. तिथे पोहोचल्यावर कळलं की गावातली चौथीतली पोरंही दोन भाषा बोलतात, आणि बाजाराच्या दिवशी तिसरी.

काम कसं चालतं ते सांगते. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याचं १७ वं कलम म्हणत होतं की, ग्रामपंचायत हद्दीतल्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेनं करायचं. २०११ च्या नियमांनी ते सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावं असं ठरवलं. आधी पंचायतीतून कागद घ्यायचे : कुणी काम मागितलं, कुणाला मिळालं, हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, बिलं. मग शिवारात जाऊन टेप लावायची. कागदावर चर इतका लांब, इतका खोल, जमिनीवर किती? शेततळ्याला तिकडे कृषि होंड म्हणतात. पहिल्या दिवशी ‘होंड कुठे आहे’ असं विचारल्यावर एका मुलानं मला मोटरसायकल दाखवली. मग घरोघर जायचं. यादीतलं नाव वाचायचं, ‘तुम्ही इतके दिवस काम केलं असं लिहिलंय, बरोबर का?’ असं विचारायचं आणि सांगतील ते लिहायचं. शेवटी ग्रामसभा. तिथे सगळं मोठ्यानं वाचायचं, ज्याचं नाव येईल त्यानं उठून हो किंवा नाही म्हणायचं.

माझी आजी जत तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. त्या कामांतूनच पुढे वि. स. पागे यांच्या आग्रहाची रोजगार हमी योजना महाराष्ट्रात रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि देशाचा कायदा नंतर त्याच वाटेनं आला. आजीच्या बोलण्यात यातलं काही नसायचं. ती सुकडीची चव सांगायची, आणि मुकादमाच्या काखेतल्या हजेरीबुकाबद्दल सांगायची. “त्यात आपलं नाव हाय येवढं म्हाईत. दिवस किती लिवले ते त्यो आनि त्येचा देव जाने.” आयुष्यभर तिला ते बुक कुणी उघडून दाखवलं नाही. पुस्तिकेचं भाषांतर करताना मला तिची फार आठवण यायची. गावात गेल्यावर कामाच्या गडबडीत मी तिला विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका घरी गेले. पन्नाशीची बाई, भाताच्या तुसाच्या ढिगाशेजारी बसलेली. सगळे तिला आक्का म्हणत, मीही म्हणाले. त्या भागात बायका ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलतात, कोल्हापूरकडे बोलतात तसं. आक्का म्हणाली, “काम मागायला मी दोनदा गेलो पंचायतीत. कागद घेतला ठेवून. पावती न्हाई दिली. बस म्हनले, सांगतो म्हनले.”

फॉर्म कन्नड होता. दिवसभरात मी सतरा-अठरा घरं केली होती आणि हात आपोआप चालत होता. तक्रारीच्या रकान्यात मी कन्नडमध्ये लिहिलं : पावति सिक्किल्ल. म्हणजे, पैसे मिळाले नाहीत.

शब्द ओळखीचा होता, म्हणून भाषांतर करावंच लागलं नाही. तिनं दिला तसाच उचलून कन्नड वाक्यात ठेवला. लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, असा पुस्तिकेत नियम होता. तो मीच सुबक मराठीत लिहिला होता. ऊन उतरत होतं, अजून सहा घरं बाकी होती. मी आक्काचा अंगठा घेतला आणि उठले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. अध्यक्षस्थानी दुसऱ्या खात्यातले एक अधिकारी, बाजूला पंचायतीचे पीडीओ, लॅपटॉपवर बसलेला एक मुलगा, समोर सतरंजीवर शंभर-सव्वाशे माणसं, त्यात बायका जास्त. एकेक नोंद वाचली जात होती. एका चराची लांबी कमी भरली, त्यावर बराच वाद झाला. एका म्हाताऱ्यानं, “माझे दिवस बारा लिवलेत, मी सहाच केले, उरलेले कुनाचे ते मला ठाऊक हाय पन मी सांगत न्हाई,” असं म्हणून सगळ्यांना हसवलं, आणि दोघं जण हसले नाहीत.

आक्काची पाळी आली. माझं वाक्य वाचलं गेलं : मजुरी मिळाली नाही. लॅपटॉपवरच्या मुलानं कार्ड क्रमांक टाकला. या वर्षात या कार्डावर एकही दिवस काम नाही. अधिकारी आवाज न चढवता म्हणाले, “काम नाही तर मजुरी कसली?” वहीत नोंद झाली : तक्रार निराधार. पुढचं नाव.

आक्का अर्धी उठली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत बसली. मला वाटलं, बिचारीचा काहीतरी घोळ झाला असेल, दुसऱ्या योजनेचे पैसे असतील. बेंगळुरूच्या रात्रीच्या गाडीत मी शांत झोपले.

पंधरा दिवसांनी संस्थेनं ग्रामसभेचा कन्नड इतिवृत्तान्त मराठी करायला पाठवला, गावात लावण्यासाठी. जयनगरच्या माझ्या खोलीत, खाली नारळवाल्याची हाक चालू असताना, मी एकेक ओळ मराठीत आणत होते. ‘पावति सिक्किल्ल’ या ओळीवर आले. मराठीत ‘मजुरी मिळाली नाही’ असं टाइप केलं आणि कानात आक्काचं वाक्य तिच्या आवाजात ऐकू आलं. ती मजुरीबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. ती पावती म्हणाली होती. मराठी पावती. माझ्या वहीच्या पहिल्या पानावरची.

त्या पावतीवर काय अवलंबून असतं ते सांगितल्याशिवाय ही चूक किती मोठी होती ते कळणार नाही. कायद्यानं गावातल्या कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी होती, पण काम मागावं लागतं. अर्ज दिला की पंचायतीनं तारीख घातलेली पावती द्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता लागू होत असे : पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, नंतर किमान निम्मा. तो भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यावा लागे आणि त्याचा जाब कुणालातरी द्यावा लागे. पावती दिली की घड्याळ सुरू होतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी कागद ठेवून घेतात, नाही म्हणत नाहीत, आणि पावती देत नाहीत. पावती नाही म्हणजे मागणी नाही. मागणी नाही म्हणजे काम दिलं नाही असंही नाही. आक्कानं अख्ख्या कायद्याच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. मी ते उचलून दुसरीकडे ठेवलं, आणि गावासमोर ती खोटी ठरली.

त्या रात्री मला अभ्यासातलं काही आठवून बरं वाटलं नाही. एरवी या विषयावर मी छान बोलू शकले असते. १९९४ साली दोन गोष्टी घडल्या, हे मी पुस्तिकेच्या निमित्तानं वाचलं होतं. एक माझ्याच शहरात : सॅम्युअल पॉल यांच्या पुढाकारानं बेंगळुरूच्या नागरिकांनी पाणी, वीज, महापालिका अशा सेवांना गुण देणारं प्रगतिपुस्तक निघालं. शाळा मुलांना देते तसं लोकांनी कार्यालयांना दिलं. पुढे १९९९ आणि २००३ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली. दुसरी गोष्ट त्याच वर्षी २ डिसेंबरला राजस्थानात, पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी : अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई भरवली. मिळतील ते सरकारी कागद लोकांसमोर मोठ्यानं वाचले. ब्यावरचं १९९६ चं धरणं आणि २००५ चा माहिती अधिकार ही पुढची पावलं.

दोन्ही पद्धती लोकांना हिशेबात घेतात, पण काम वेगळं आहे. प्रगतिपुस्तक विचारतं, तुम्हाला कसं वाटतं? त्यात हजार माणसांचं मिळून एक उत्तर होतं, आणि एखाद्याचं चुकीचं लिहिलं गेलं तरी सरासरी फारशी हलत नाही. जनसुनवाई सांगते, तुमच्याबद्दल हे लिहून ठेवलंय, खरं आहे का? तिथे प्रत्येक माणूस एकटा उभा असतो आणि त्याचं एक वाक्य म्हणजेच सगळा पुरावा. कादंबरीतल्या माणसाच्या तोंडी मी चुकीचा शब्द घातला तर ती उठून भांडत नाही. हजेरीपटातली माणसं समोर बसलेली असतात, उठू शकतात. फक्त त्यांनी उठावं असं वाटेल अशा रीतीनं ते वाचलं गेलं पाहिजे. आक्का उठली होती. माझ्या वाक्यानं तिला बसवलं.

समन्वयकाला मी सकाळी फोन केला. तो रागावला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाला, “इतिवृत्त बंद झालंय. नोंद दुरुस्त करायची असेल तर पुढच्या ग्रामसभेत मांडावं लागेल. लेखी द्या.” मी लेखी दिलं : नोंद चुकीची असून चूक लिहून घेणाऱ्याची आहे, तक्रारदाराची नाही. कन्नडमध्ये हे वाक्य लिहायला मला एक तास लागला. ‘चूक झाली’ असं लिहिता येतं, दोन्ही भाषांत सोपं आहे. त्यात चूक आपोआप होते, पाऊस होतो तशी. ‘मी चूक केली’ लिहायला वेळ लागला.

महिन्याभरानं मी गावी गेले. आक्का घरी नव्हती, काजूच्या बागेत रोजावर गेली होती. संध्याकाळी आली. मी सगळं सांगितलं, पावति आणि पावती, खिडकीवरची गंमतसुद्धा. ती हसली नाही. तिनं पाणी दिलं.

“मला वाटलं माझंच चुकलं असंल,” ती म्हणाली. “बाईनं लिवलंय म्हनजे तसंच असनार. मी रात्रभर ध्यान केलो, मी पैशाचं कवा बोललो म्हनून.”

याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. ती माझ्यावर चिडली असती तर मी माफी मागणार होते, त्याची तयारी होती. तिनं स्वतःच्याच बोलण्यावर शंका घेतली होती, कारण माझं अक्षर होतं. आजीनं मुकादमाच्या बुकावर कधी विश्वास ठेवला नव्हता. आक्कानं माझ्यावर ठेवला होता.

मग तीच म्हणाली, “आता काय लिवलाय ते वाचा.” मी माझं पत्र मराठीत वाचून दाखवलं. तिनं एका जागी थांबवलं. “दोनदा गेलो ते न्हाई लिवलं.” खरंच नव्हतं. तिथेच बसून वाढवलं. परत वाचलं. “हां,” ती म्हणाली.

पुढच्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेले आणि मुद्दाम मागे बसले. या वेळी अध्यक्ष दुसरे होते. पत्र वाचलं गेलं. आक्काला विचारलं, तर ती उठून मराठीतच बोलली, आणि ‘पावती’ म्हणताना तिनं तळहातावर शिक्का मारल्याची खूण केली. पुढे बसलेल्या कन्नड शिक्षिकेनं कुणी न सांगता त्याचं कन्नड केलं. तिला वही लागली नाही. जुनी नोंद दुरुस्त झाली, ‘निराधार’ खोडलं गेलं. भत्ता मिळाला नाही. मागितल्याचा कागद पंचायतीत सापडला नाही, आणि तो सापडला नाही हीच तर तक्रार होती. अधिकाऱ्यांनी पीडीओंना इथून पुढे पावती द्यायची असं सांगितलं आणि तसं लिहून घेतलं.

त्यावर आक्कानं जे केलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. खानापूर भागात ग्रामीण कूलि कार्मिकर संघटनेसारख्या संघटनांनी मजूर बायकांना वर्षानुवर्षं गोळा केलंय, त्याचं वारं असेल. सभा उठायच्या आत ती आणि आणखी अकरा जणी भरलेले अर्ज घेऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. इथून पुढे म्हणजे आत्ता. पीडीओ म्हणाले, उद्या ऑफिसात या. बायका हलल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. चहाचे पेले गोळा झाले, सतरंजी गुंडाळली गेली, तिच्यावर उभ्या असलेल्या दोघींना बाजूला व्हावं लागलं. शेवटी लॅपटॉपवाल्या मुलानं पिशवीतून शिक्का काढला.

हे सगळं बघताना मला माझ्या वॉर्डाची आठवण झाली. बेंगळुरूत वॉर्ड समितीच्या बैठकीला मी एकदाही गेलेली नाही. सोसायटीच्या देखभालीचे दोनशे रुपये वाढले की मी हिशेब मागते. आमच्या रस्त्याचं गटार वर्षात तीनदा उघडलं आणि बुजवलं, त्याचं मोजमाप कुठल्या पुस्तिकेत आहे ते मी कधी विचारलं नाही. मला कामाची पावती लागत नाही, हे त्याचं कारण असावं.

तेव्हापासून मी एक गोष्ट करते. ज्याचं बोलणं लिहिते, त्याला ते त्याच्या भाषेत परत वाचून दाखवते. जिवंत लेखकांनाही आता फोनवर वाचून दाखवते. त्यांना थोडा कंटाळा येतो. वेळ दुप्पट लागतो, पैसे तेवढेच मिळतात.

त्या संध्याकाळी आक्का कागदाचा तुकडा घेऊन माझ्याकडे आली. चार बोटांएवढा, शिक्का अर्धा उमटलेला, तारीख स्पष्ट. “काय लिवलंय? सगळं वाचा.”

कागदावर वर कन्नडमध्ये छापलं होतं : स्वीकृति.

मी तोंड उघडलं आणि थांबले. मराठीत स्वीकृती म्हणजे मंजुरी. कन्नडमध्ये, अशा कागदावर, अर्ज हाती आला एवढंच.

“आक्का,” मी म्हणाले, “काम मंजूर झालं असं यात नाही. तुझा अर्ज आज मिळाला, एवढंच आहे.”

“तेवढंच पायजे होतं,” ती म्हणाली. “आता पंधरा दिस मोजायला येतात.” तिनं कागद घडी न करता प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला आणि पिशवी कमरेला खोचली.